शाल-श्रीफळ कुणाला द्यायचं? फुकट खटले चालवणारा वकील ओळखण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील नागपूरच्या जिल्हा न्यायालयात बेलिफ होते. ते गेल्यावर त्यांच्या नावानं काही चांगलं करावं असं तुम्हा भावंडांच्या मनात आहे. गरिबांचे खटले फुकट लढणाऱ्या एका वकिलाचा दरवर्षी ९ नोव्हेंबरला सत्कार करायचा. ५१,००० रुपये, शाल, श्रीफळ, मानपत्र. निवडीसाठी तुम्ही तीन अटी लिहिल्यात: सगळ्यात जास्त फुकट केसेस कुणी चालवल्या ते पाहायचं, पक्षकार पिवळ्या रेशनकार्डाचा हवा, आणि सत्काराच्या दिवशी दोन-तीन पक्षकारांनी मंचावर येऊन अनुभव सांगायचा. सोबत सहा नावं पाठवलीत आणि ‘यातून एक निवडून द्या’ म्हणालात. असा सत्कार वकिलांच्या नियमांत बसतो का, हेही विचारलंत. यादीतलं चौथं नाव माझं आहे. त्यावर शेवटी बोलते.

तीस वर्षं मी सिव्हिल लाइन्समध्ये वकिली केली. आधी जिल्हा न्यायालयात, मग उच्च न्यायालयाच्या खंडपीठात. विधी सेवेच्या, म्हणजे गरजूंना सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या यंत्रणेच्या, पॅनेलवर बरीच वर्षं होते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या तिन्ही अटी काढा. पण कल्पना सोडू नका, कल्पना चांगली आहे.

शेवटच्या अटीपासून सुरुवात करते, कारण ती चूक मी स्वतः पाहिली आहे. वकिलीला आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. उमरेडकडच्या एका बाईची पोटगीची केस मी चालवली होती, पैसे न घेता. पोटगी मंजूर झाली. कुणीतरी ते ऐकलं आणि एका कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ऐनवेळी कळलं की आयोजकांनी त्या बाईलाही बोलावलं आहे. निवेदकानं माइकवर तिचं नाव घेतलं, नवऱ्यानं टाकलं हे सांगितलं, ‘वकीलबाईंनी एक पैसा न घेता’ हे तीनदा सांगितलं, तिला साडी दिली आणि दोन शब्द बोलायला लावलं. ती बोलली. खाली मान घालून बोलली.

नंतर ती माझ्याकडे आलीच नाही. नवऱ्यानं चार महिन्यांनी पोटगी देणं बंद केलं. तेव्हा वसुलीचा अर्ज करायला हवा होता. हा अर्ज रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, नाहीतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. मी दोनदा निरोप पाठवला. दीड वर्षानं ती आली, ते पण भावाला सोबत घेऊन. म्हणाली, “मॅडम, तुमच्याकडे याची लाज वाटे. लोकं मले फुकटच्या केसवाली म्हणत.” तोवर मधल्या कित्येक महिन्यांची थकबाकी त्या अर्जाच्या मुदतीबाहेर गेली होती. माझ्या शालीचा खर्च तिनं भरला, असं मी आजही समजते.

म्हणून पक्षकार मंचावर नको, फोटोत नको, मानपत्रात त्याचं नाव तर अजिबात नको. यात नुसत्या भिडेचा प्रश्न नाही, कायदाही आडवा येतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. लहान मुलांच्या प्रकरणांत पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. शिवाय पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट पक्षकाराची असते, सत्काराच्या भाषणात वापरायला वकिलाकडे ठेवलेली नसते. जो वकील निवड समितीपुढे पक्षकारांच्या कहाण्या नावानिशी, रंगवून सांगेल, त्याच्या नावापुढे माझ्याकडून फुली.

आता ‘सगळ्यात जास्त केसेस’ या अटीबद्दल. ही अट वरून निष्पाप दिसते. पण फुकटच्या केसेसचा ढीग करणं फार सोपं असतं. वकीलपत्र दाखल करायचं, पेशीला ज्युनिअर पाठवायचा, साक्षीदार आला की “उलटतपासणी नाही” म्हणून बसायचं, निकाल लागला की आकडा एकानं वाढवायचा. फी नाही म्हणून पक्षकार तक्रारही करत नाही, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीची तक्रार कशी करायची हे त्याला कळत नाही.

कायदा करणाऱ्यांना हे माहीत होतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे २०१० चे विनियम आहेत, त्यांच्या नावातच ‘मोफत आणि सक्षम विधी सेवा’ असं आहे. तो ‘सक्षम’ शब्द कुणी वाचत नाही. मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये काय पाहिलं ते लक्षात घ्या. आरोपीला सरकारी खर्चानं वकील दिला आणि त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली. पुढच्या दोनेक आठवड्यांत खटला संपून फाशी. कागदावर मोफत वकील होता, पण त्याला आरोपपत्र वाचायलाही वेळ मिळाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द करून खटला परत पाठवला आणि सांगितलं की फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षं वकिली झालेलाच वकील नेमा, आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्या. तुमच्या मोजणीत तो आधीचा वकील ‘एक फुकट केस’ म्हणून धरला गेला असता.

खुद्द आमच्या व्यवसायानंही अशी मोजणी करून पाहिली आहे. सीनियर अॅडव्होकेट हा दर्जा देताना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंदिरा जयसिंग प्रकरणात शंभर गुणांची पद्धत घालून दिली. त्यात निकालांसाठीच्या ४० गुणांच्या रकान्यात विनामूल्य केलेल्या कामाचाही विचार व्हायचा. २०२३ मध्ये त्या रकान्याचे गुण ५० केले. आणि मे २०२५ मध्ये ती गुणांची पद्धतच बंद केली, कारण वकिलाचं मोल असं बेरजेनं ठरत नाही हा अनुभव आला. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला आठ वर्षांत जे जमलं नाही ते तुमच्या कौटुंबिक न्यासानं एका एक्सेल शीटवर करायला जाऊ नये.

मग पाहायचं काय? कमी केसेस पाहा, पण नीट पाहा. वकिलाला सांगा, तुमच्या तीन केसेस सांगा, त्यातली एक तुम्ही हरलेली हवी. ही हरलेल्या केसची अट मला महत्त्वाची वाटते. जिंकलेली केस कुणीही दाखवेल. हरलेल्या केसमध्ये वकिलानं काय केलं ते रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत, दिसतं. तुमचे वडील न्यायालयात होते म्हणजे रोजनामा तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. किती पेशींना वकील हजर होता, किती वेळा तारीख त्यानं मागितली आणि किती वेळा समोरच्यानं, साक्षीदार हजर असताना उलटतपासणी झाली की ‘नाही’ असं लिहिलं गेलं, हे सगळं तिथे आहे. ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर वकिलाच्या नावानं शोध घेता येतो. त्यात किती प्रकरणं वकिलाच्या गैरहजेरीत खारीज झाली ते अर्ध्या तासात कळतं. ज्या प्रकरणांत स्त्रिया किंवा मुलांची ओळख जपायची असते ती मात्र मागूच नका, समितीनं तिथे हात घालायचा नाही.

उच्च न्यायालयाच्या बाबतीत आणखी सोपी खूण आहे. न्यायालयानं नेमलेल्या वकिलानं अपील चालवलं की निकालाच्या अगदी शेवटी एक ओळ येते, नेमलेल्या वकिलाची फी नियमानुसार द्यावी अशी. कधी कधी त्याआधी आणखी एक वाक्य असतं की वकिलांनी चांगलं साहाय्य केलं. न्यायमूर्ती हे वाक्य सगळ्यांसाठी लिहीत नाहीत. माझ्या माहितीतल्या एका वकिलाच्या अशा चार-पाच निकालांच्या प्रती त्याच्या मुन्शीनं जपून ठेवल्यात, वकिलाला ते ठाऊकही नाही.

नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकरा जिल्हे येतात, हे विसरू नका. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे कैदी तुरुंगातूनच अपील पाठवतात. उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती त्यांना वकील नेमते. वकिलाच्या हातात पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचं बाड, येतं, माणूस येत नाही. बरेच वकील पेपरबुक वाचून युक्तिवाद करतात, आणि त्यातले काही उत्तम करतात. पण एखादा असतो जो आधी वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात जाऊन त्या माणसाला भेटतो. मी असं पाहिलं आहे की आरोपीला मराठी जेमतेम कळायची, घरी माडिया बोलायचा, आणि खालच्या न्यायालयात त्याचं म्हणणं कुणी धड समजून घेतलंच नव्हतं. अपिलासाठी नेमलेल्या वकिलानं दुभाष्या शोधून दोन मुलाकाती घेतल्या, तेव्हा कुठे अपिलातला खरा मुद्दा सापडला. हे काम कुठल्याही यादीत दिसणार नाही. कारागृहाच्या मुलाकातीच्या नोंदवहीत मात्र तारखा असतात. २०२४ मध्ये सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कैद्यांपर्यंत विधी सेवा पोचते की नाही यावर सविस्तर निर्देश दिले. पण निर्देश फाटकातून आत नेणारा शेवटी एखादा वकील किंवा विधी सेवेचा एखादा स्वयंसेवक, पीएलव्हीच असतो.

आणि जामीन. माझ्या मते फुकट काम करणाऱ्या वकिलाची खरी परीक्षा जामीन मंजूर झाल्यानंतर सुरू होते. ऑर्डर झाली की वकिलाचं नाव होतं, ‘जामीन मिळवून दिला’. पण ऑर्डरमध्ये पंचवीस हजारांचा जामीनदार असतो, आणि इतवारीत हातगाडी ओढणाऱ्या माणसाला जामीनदार कोण राहणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या ओळखीचे सगळे भाड्याच्याच खोलीत राहतात. माणूस जामीन मिळूनही आत राहतो, आठवडे, कधी महिने. यावर ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट पावलं सांगितली. जामिनाची ऑर्डर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगाला पाठवायची, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर न्यायालयानं अटी शिथिल करायचा विचार करायचा. केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजनाही आहे. तिच्यात विचाराधीन कैद्याला जामिनासाठी, आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या शिक्षाबंदीला दंडासाठी मदत होऊ शकते. हे सगळं आहे, पण अर्ज कुणीतरी लिहावा लागतो. जामीनदाराची अट बदलून पीआर बाँडवर, म्हणजे स्वतःच्या हमीवर, सोडा असा दुसरा अर्ज, मग तिसरा. या अर्जांना ना फी, ना बातमी. तुम्ही वकिलाला एकच प्रश्न विचारणार असाल तर हा विचारा: “तुम्ही जामीन मिळवून दिलेला माणूस किती दिवसांनी घरी पोचला?” ज्याला उत्तर पाठ असेल त्याचं नाव लिहून घ्या.

पिवळ्या रेशनकार्डाच्या अटीबद्दल थोडक्यात. कायद्याला ती मान्य नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणूनच तुमचा ९ नोव्हेंबर. त्याच्या कलम १२ नुसार स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, पूर-दुष्काळ-भूकंपात सापडलेला, वेठबिगारीचा बळी, यांना उत्पन्न न पाहता मोफत सेवा मिळते. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. बाईच्या बाबतीत उत्पन्न का पाहत नाहीत ते तुम्हाला एका उदाहरणात सांगते. धरमपेठेत चांगल्या फ्लॅटमध्ये राहणारी, नवऱ्याला मोठा पगार असलेली एक बाई माझ्याकडे रिक्षाचं भाडं शेजारणीकडून घेऊन आली होती. तिचं रेशनकार्ड पांढरं होतं.

‘फुकट’ या शब्दाचंही जरा पोस्टमॉर्टेम करावं लागेल, कारण इथे तुमची फसगत होण्याचा धोका सगळ्यात जास्त आहे. प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील पक्षकाराला फुकट असतो, पण सरकार त्याला फी देतं. ती कमी असते आणि उशिरा येते, हे खरं, पण असते. पक्षकाराकडून काहीही घ्यायला त्याला विनियमांनी मनाई आहे. तरी “साहेब, झेरॉक्सचे तेवढे” म्हणत पाचशे-हजार घेणारे मी पाहिलेत. दुसरा प्रकार म्हणजे लोकअभिरक्षक कार्यालय. २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यात मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक पूर्णवेळ मानधनावर फौजदारी बचावाचं काम करतात, त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. त्यांच्यातले काही फार मनापासून काम करतात, पण ते त्यांचं पद आहे. त्यांचा गौरव करायचा असेल तर वेगळा करा, या पुरस्कारात मिसळू नका. तिसरा, ज्याला खरोखर कुणीच पैसे देत नाही, सरकार नाही, पक्षकार नाही. आणि चौथा आमच्या विदर्भातला जुना प्रकार, जो “जमेल तेव्हा द्या” म्हणतो आणि नंतर विचारत नाही. त्याच्या डायरीत नावापुढे ‘बाकी’ लिहिलेलं असतं, आणि ते तसंच राहतं. मला विचाराल तर तुमच्या पुरस्काराला हा चौथा सगळ्यात जास्त शोभतो. त्यानं पक्षकाराला ‘फुकट’ हा शब्दही ऐकू दिलेला नसतो.

पाचवा प्रकार मात्र सांभाळून. अपघात नुकसानभरपाईच्या केसमध्ये “मी एक पैसा घेत नाही, भरपाई मिळाली की बघू” म्हणणारे असतात. भरपाईचा चेक निघतो तेव्हा विधवेच्या हातात किती पडतं ते बघा. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियम २० नं मनाई केली आहे. असा वकील मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या आवारात, वॉर्डाच्या बाहेर माणूस ठेवून केसेस मिळवतो, त्याचा ‘मोफत’ केसेसचा आकडा तुमच्या यादीत सगळ्यात वर असेल. तुम्ही पाठवलेल्या सहांपैकी एका नावाबद्दल मला हीच शंका आहे. नाव इथे लिहीत नाही, फोन करा.

आता सत्कार करणं नियमात बसतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. बसतं. बार कौन्सिलच्या नियम ४६ मध्येच म्हटलं आहे की ज्याला वकिलाची खरी गरज आहे आणि फी देता येत नाही अशाला आपल्या ऐपतीनुसार विनामूल्य मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या मोठ्यात मोठ्या कर्तव्यांपैकी एक आहे. ‘ऐपतीनुसार’ हा शब्द तिथे आहे हे बरं. पहिल्या पाच वर्षांत ज्याच्या स्वतःच्या खोलीचं भाडं सुटत नाही, त्याच्याकडून पन्नास फुकट केसेसची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. पण नियम ३६ लक्षात ठेवा. वकिलानं प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरात करायची नाही, चालवत असलेल्या केसेसच्या संदर्भात स्वतःचे फोटो छापून आणायचे नाहीत. तुमचा न्यास उत्साहानं शंकरनगर चौकात फ्लेक्स लावेल, त्यावर वकिलाचा फोटो, मोबाइल नंबर, ‘फलाण्या गाजलेल्या खटल्याचे विजेते’. फ्लेक्स तुम्ही लावाल, पण तक्रार वकिलावर होईल. मानपत्रात कोणत्याही केसचा उल्लेख नको, ‘गरिबांची अनेक वर्षं केलेली सेवा’ एवढं पुरे. पॅनेलच्या एखाद्या ठरावीक केसबद्दल पैशाचं बक्षीस तर देऊच नका. ते त्या पक्षकाराच्या वतीनं दिलेलं वाटू शकतं, आणि वकील अडचणीत येईल.

पैशाचं काय करायचं? ५१,००० ही चांगली रक्कम आहे. ती वकिलाला दिलीत तर तो बहुधा नाइलाजानं घेईल आणि कुठेतरी देऊन टाकेल. त्यापेक्षा त्याला सांगा की एवढी रक्कम तुमच्या फुकटच्या केसेसच्या खर्चासाठी वर्षभर आमच्याकडे आहे, बिल पाठवा. फुकटची केस वकिलाला किती महाग पडते हे बाहेरच्यांना कळत नाही. वकिलाची मेहनत सोडा, पण निकालाच्या नकलेची फी, टायपिंग, रामटेकहून साक्षीला येणाऱ्या म्हाताऱ्याचं एसटीचं तिकीट आणि त्याचं दुपारचं जेवण, मेडिकल रेकॉर्डच्या प्रती, जुन्या मोडीतल्या कागदाचं लिप्यंतर. प्राधिकरणामार्फत आलेल्या केसमध्ये कोर्ट फी, टायपिंग, भाषांतर यांचा खर्च विधी सेवेत धरलेला असतो. पण जो माणूस थेट वकिलाच्या दारात आला, त्याचा खर्च वकिलाच्या खिशातून जातो. (अशा पक्षकारालाही प्राधिकरणात अर्ज करता येतो. कित्येक वकील तो करून घेत नाहीत, कंटाळा. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक तरी त्याला द्यावा.) तुमची रक्कम या खर्चात गेली तर तिचा हिशेबही तुम्हाला मिळेल आणि वडिलांच्या नावाची पावती प्रत्येक नकलेवर राहील.

शिवाय मानपत्रात वकिलासोबत त्याच्या ज्युनिअरचं आणि मुन्शीचं नाव घाला. ज्या दिवशी सीनियर मोठ्या फीच्या केससाठी दुसऱ्या कोर्टात असतो, त्या दिवशी फुकटची केस ज्युनिअर सांभाळतो. मुन्शी न्यायालयाच्या दारात त्या पक्षकाराला बाकावर बसवतो, पाणी देतो, पुन्हा कधी यायचं ते चिठ्ठीवर लिहून देतो. माझा मुन्शी लिहिता-वाचता न येणाऱ्या पक्षकाराला तारीख सांगताना सणावरून सांगायचा, “पोळ्याच्या नंतरच्या मंगळवारी”. त्याच्यामुळे माझी एकही केस पक्षकाराच्या गैरहजेरीत गेली नाही.

आणि नावं आणायची कुठून, ते राहिलं. अर्ज मागवू नका. पुरस्कारासाठी स्वतःचा अर्ज भरणारा वकील तुम्हाला नको आहे, आणि जो हवा आहे तो भरणार नाही. बार असोसिएशनला पत्र लिहिलंत तर दोन नावं येतील, त्यातलं एक येत्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं असेल. त्याऐवजी माणसं विचारा. न्याय मंदिराच्या आवारातले टंकलेखक, नक्कल विभागातले कारकून, कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक, कारागृहात मुलाकातीच्या खिडकीवर बसणारे शिपाई, प्राधिकरणाचे पीएलव्ही. चहावाल्यालाही विचारा. कुठला वकील पक्षकाराचा चहा स्वतःच्या खात्यावर मांडायला सांगतो हे त्याला पक्कं माहीत असतं. या सगळ्यांना एकेकटं गाठून एकच विचारा की तुमच्या बहिणीवर वेळ आली आणि पैसे नसले तर तुम्ही कुणाकडे पाठवाल. वेगवेगळ्या तोंडून जे नाव तीनदा येईल, त्याचे रोजनामे मग बघा. बेलिफांना तर आवर्जून विचारा. तुमच्या वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणी असतील तर त्यांनी समन्स बजावताना पाहिलं असेल की कोणत्या घरी कोणता वकील स्वतः येऊन कागद समजावून गेला होता.

तारखेबद्दल एक अडचण. काही वर्षी ९ नोव्हेंबर दिवाळीच्या सुट्टीत येतो, न्यायालय बंद असतं, आणि सुट्टीच्या दिवशी हॉल भाड्यानं घेऊन केलेल्या सत्काराला ओळखीचेच लोक येतात. त्यापेक्षा न्यायालय सुरू असलेल्या एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बार रूममध्ये वीस मिनिटं मागा. तर्री-पोहे सांगा. शाल चालेल, श्रीफळ चालेल, भाषण एकच, ते पण तुम्ही वडिलांबद्दल करा. सुट्टी संपली की सगळे आपापल्या बोर्डावर धावतील. सत्कारमूर्तीही धावेल, कारण तिची पेशी असेल.

माझ्या नावाबद्दल. मी पॅनेलवर होते आणि त्या केसेसची फी घेतली आहे, नियमानं घेतली, आवश्यक होती म्हणून घेतली. फुकट केलेल्याही होत्या, पण वर सांगितलेली उमरेडची केस त्यातलीच. नाव काढून टाका. त्या जागी एक जागा रिकामी ठेवा आणि नक्कल विभागासमोर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाकडे जा, सकाळी साडेदहाच्या आत, नंतर त्याला मान वर करायला वेळ नसतो. तुमच्या वडिलांचं नाव सांगा. तो बसायला सांगेल.